लोथल, धोळावीरा, लखपत... आणि घराशेजारचं इनामगाव

दहा वर्षं नुसतं धोळावीरा धोळावीरा (कच्छमधलं हडप्पा संस्कृतीचं शहर) करत होतो, शेवटी या जानेवारीत योग आला. ठरलं होतं माझं एकट्याचं, पण मग बायको म्हणाली मी पण येते, चिरंजीव (नववी) रोड टू हेवनचे, म्हणजे धोळावीराजवळच्या रणातून जाणाऱ्या रस्त्याचे, रील काढायला मिळणार म्हणून तयार झाले, आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वयाच्या सत्तराव्या वर्षी जाहीर केलं की मलाही यायचंय, गुजरातची शेती बघायची राहिलीय. म्हटलं अण्णा आपण पडक्या विटा बघायला चाललोय. तर म्हणाले, विटांच्या बाजूला शेतं असतीलच की.

आम्ही मूळचे शिरूरचे, म्हणजे घोडनदीचे. हे आत्ताच सांगून ठेवतो कारण शेवटी लागणार आहे.

ट्रेनमध्ये मुलाला विचारलं, हडप्पा संस्कृती का संपली रे? सहावीत पाठ केलेलं त्याने एका दमात म्हणून दाखवलं, महापूर, बाहेरच्या टोळ्यांची आक्रमणं, व्यापार घटला. तीन कारणं, तीन मार्क. म्हटलं चला, आता हेच तपासत फिरू.

दिवस पहिला : लोथल

सकाळी अहमदाबादला उतरलो, अर्टिगा आधीच सांगून ठेवली होती, स्टेशनबाहेर फाफडा जलेबी खाऊन निघालो. साधारण 80 किमी आहे. बगोदरा हायवे सोडून आत वळलो की भाल नावाचा प्रदेश लागतो, म्हणजे कपाळासारखा सपाट, एक टेकाड नाही की डोंगर नाही, आणि सगळीकडे गहू. अण्णांनी गाडी थांबवायला लावली. खाली उतरून मातीचं ढेकूळ फोडलं, वास घेतला, जिभेला लावलं (बायकोने तोंड फिरवलं) आणि म्हणाले, खारट हाय, आणि पाटबीट कुठं दिसंना, मग गहू कशावर आलाय? ड्रायव्हरभाईंनी सांगितलं की याला पाणी देतच नाहीत, पावसाळ्यात शेतात पाणी साचतं, ते ओसरलं की त्या ओलीवर पेरतात. हाच तो भालिया गहू, 2011 मध्ये याला जीआय टॅग मिळालाय. अण्णांचं ट्रिपचं तिकीट इथेच वसूल झालं.

मी मात्र एक घोळ घालून ठेवला होता. तो दिवस होता शुक्रवार आणि शुक्रवारी म्युझियम बंद. सगळं प्लॅनिंग एक्सेल शीटमध्ये केलेलं, वार बघायचा राहिला. त्यामुळे तो पर्शियन आखातातला गोल शिक्का, जो इथे सापडला आणि ज्यावरून इथला माल कुठे कुठे जात होता ते कळतं, तो काय बघायला मिळाला नाही. बायकोने पुढचे पाच दिवस हे मला सतरा वेळा ऐकवलं. असो.

उत्खननाची जागा मात्र उघडी होती. 1954 मध्ये एस. आर. राव यांनी ही जागा शोधली आणि पुढच्या वर्षीपासून खोदकाम सुरू केलं. हेच राव नंतर 1974-75 ला आपल्याकडे श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबादला खोदत होते, तिथे एका भिल्ल शेतकऱ्याला खणताना काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा असं घबाड लागलं होतं, चारींचं मिळून वजन 60 किलोच्या वर. हे अण्णांना सांगितलं तर त्यांना राव एकदम घरचेच वाटायला लागले.

लोथलला सगळ्यांना बघायचा असतो तो डॉक, म्हणजे गोदी. पक्क्या विटांनी बांधलेला 200 मीटरच्या वर लांब आणि 36-37 मीटर रुंद चौकोनी हौद. ही गोदी होती की नुसता पाण्याचा तलाव यावर अभ्यासकांचं साठच्या दशकापासून भांडण चालू आहे. मी ते सगळं वाचून गेलो होतो आणि सांगायच्या तयारीत होतो, तेवढ्यात अण्णा दक्षिणेच्या भिंतीपाशी जाऊन बसले. तिथे पाणी बाहेर जायला वाट ठेवलीय आणि दोन्ही बाजूला उभी खाच. अण्णा म्हणाले, ही तर सांडव्याची फळी की रं. आपल्या चारीला दाराची फळी खाली सोडतो तशी. पाणी पाहिजे तेवढं धरायचं, जास्तीचं सोडायचं. पुस्तकात पण हेच लिहिलंय, लाकडी दार सरकवायच्या खाचा म्हणून, पण ते मला चित्र बघूनसुद्धा कधी नीट कळलं नव्हतं.

आता प्रश्न असा की नदी कुठे आहे? साबरमती आज इथून 20 किमी लांब वाहते. आयआयटी गांधीनगरच्या लोकांनी 2024 मध्ये सॅटेलाइट फोटोंवरून दाखवलं की तिचं जुनं पात्र लोथलच्या अगदी शेजारून जात होतं, त्यामुळे सध्या तरी गोदीवाल्यांची बाजू वर आहे. रावांचं म्हणणं असं होतं की इथे पूर एकदा नाही, पुन्हा पुन्हा आला, लोकांनी दरवेळी कच्च्या विटांचे ओटे उंच करून घरं परत बांधली. मग इ.स.पू. 2000 च्या आसपास मोठा पूर आला आणि नदीने पात्रच बदललं. यावर लोकांनी काय केलं, तर नदीपर्यंत साधारण 2 किमी नवा चर खणला! म्हणजे नदी गेली म्हणून रडत बसले नाहीत, तिच्या मागे कुदळ फावडं घेऊन गेले. त्या उथळ चरातून फक्त लहान होड्या यायच्या, मोठी गलबतं लांबच थांबायची. आणि त्यानंतरचा पूर आला तेव्हा मात्र गोदी गाळाने भरली ती भरलीच, कुणी उपसली नाही. लोक तरी पुढची दोन तीनशे वर्षं इथेच राहिले, पण बोरू मातीच्या झोपड्यांत.

चिरंजीव म्हणाले, म्हणजे महापूर बरोबर, एक मार्क. म्हटलं अर्धा. पूर आधीही येतच होते, तेव्हा का नाही संपले?

रात्री मुक्काम ध्रांगध्रा. जेवण ठीक, हॉटेलात डास फार.

दिवस दुसरा : नुसता रस्ता

या दिवशी सांगण्यासारखं कमी. ध्रांगध्रा, मालिया, सामखियाळी, रापर असं करत धोळावीरा. मालियाच्या पुढे टायर पंक्चर, स्टेपनीत हवा नाही, दोन तास गेले. दोन्हीकडे मिठागरं आणि मिठाचे पांढरे ढीग, मधूनमधून गांडा बावळ, म्हणजे आपली वेडी बाभूळ. रापरनंतर गावं विरळ होत जातात आणि मग एकदम दोन्ही बाजूंना कच्छचं रण लागतं, रस्ता मधून सरळ जातो आणि तुम्ही खडीर बेटावर पोचता. बेट खरंच बेट आहे, फक्त भोवती समुद्राऐवजी मीठ.

संध्याकाळी आंघोळीला गेलो तर साबणाला फेसच येईना. केस धुतल्यावर काथ्यासारखे झाले. बायको म्हणाली, या पाण्यावर 1500 वर्षं शहर चालवलं? हा प्रश्न तिने कंटाळून विचारला होता पण दुसऱ्या दिवशी सगळा वेळ मी त्याचंच उत्तर बघत होतो.

दिवस तिसरा : धोळावीरा

सकाळी आठलाच गेलो. गावातले लोक या टेकाडाला कोटडा म्हणतात. 1967-68 च्या सुमाराला जगत्पती जोशींनी जागा हेरली आणि 1990 पासून पुढे कित्येक सीझन आर. एस. बिश्त यांनी खोदकाम केलं, 2021 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. आम्हाला जो गाइड मिळाला तो पोरगा असल्यापासून बिश्तसाहेबांच्या हाताखाली माती उपसायला होता, त्यामुळे तो "इथे असं होतं" म्हणत नव्हता, "हे आम्ही काढलं" म्हणत होता.

शहराच्या दोन बाजूंना मनहर आणि मनसर नावाचे दोन ओढे. ओढेच, नदी नाही, पावसाळ्यात चार दिवस वाहतात तेवढंच. त्यावर बांध घालून पाणी वळवलं, शहराच्या तटाच्या आत एकापुढे एक हौद खोदले, उतार असा साधला की एक भरला की दुसऱ्यात. पूर्वेचा हौद 73 मीटर लांब, 29 मीटर रुंद आणि जवळपास 10 मीटर खोल. फोटोत त्याचा अंदाजच येत नाही. पायऱ्या उतरून तळाला गेलो तर वरचा माणूस बोटाएवढा दिसतो. काही हौद तर सरळ खडकात कोरलेत. बालेकिल्ल्यावर पडणारा पाऊस पण सोडलेला नाही, खालून दगडी गटारं आहेत, त्यातलं एक एवढं उंच की माणूस वाकून चालत जाईल.

बालेकिल्ल्यातल्या विहिरीपाशी अण्णा बराच वेळ थांबले. काठाच्या दगडाला दोराने घासून घासून खाचा पडल्यात, बोट जाईल एवढ्या. अण्णांनी त्यात बोट घातलं अन म्हणाले, आपल्या मळ्यातल्या विहिरीला असंच होतं, मोटेच्या नाड्यानं. फरक एवढाच की तिथला दगड मी पोरगा असताना नवा होता आणि हा... मग पुढे काही बोलले नाहीत. मला उगाच घशात काहीतरी झालं. 4000 वर्षांपूर्वीचं कुणीतरी रोज सकाळी इथे उभं राहून दोर ओढत होतं हे वाचून कळत नाही, त्या खाचेत बोट घालावं लागतं.

उत्तरेच्या दरवाज्यात ती प्रसिद्ध पाटी सापडली होती, 10 मोठी अक्षरं, जिप्समच्या तुकड्यांची, लाकडी फळीवर बसवलेली. फळी कुजून गेली, अक्षरं जमिनीवर तशीच पालथी राहिली. काय लिहिलं होतं ते अजून कुणाला वाचता आलेलं नाही. चिरंजीव म्हणाले, "पाणी जपून वापरा" असेल. (हे मात्र मला आवडलं.)

आता मुद्द्याचं. बिश्तांनी धोळावीराचे सात टप्पे पाडलेत. चौथा टप्पा म्हणजे वैभव, पाट्या, शिक्के, मणी, सगळं. पाचव्यात शहर आहे तसंच आहे, लोकही आहेत, पण निगा राखणं कमी झालेलं दिसतं. हे गाइडने सांगितलं आणि अण्णा म्हणाले, म्हणजे गाळ काढायचं सोडलं. गाइड म्हणाला, हो काका, तसंच. मग अण्णा आम्हाला सोडून त्यालाच आमच्या गावच्या बंधाऱ्याची स्टोरी सांगायला लागले, की पूर्वी चैत्रात अख्खा गाव टोपल्या घेऊन गाळ काढायला यायचा, मग कुणीतरी म्हणालं पुढारी काढतील, पुढारी म्हणाले टेंडर निघेल, आणि आता बंधाऱ्यात बाभळी आहेत. हिंदी अशी की गाइडला निम्मं कळलं असेल, पण दोघं माना डोलवत होते.

पाचव्या टप्प्यानंतर शहर काही काळ सोडून दिलेलं दिसतं. मग सहाव्यात लोक परत आले, लहान वस्ती, घरांची पद्धत वेगळी. पुन्हा ओस, शंभरेक वर्षं. आणि सातव्या टप्प्यात जे आले त्यांनी चौकोनी घर बांधलंच नाही, सगळी गोल. गाइडने एका टेकाडावर नेऊन दगडांची गोल वर्तुळं दाखवली. मी जे वाचलं होतं त्यात हा सगळ्यात वाईट काळ, शहरातून झोपडीत. बायकोने पण तेच म्हटलं, अरेरे, एवढं सगळं असून शेवटी झोपड्या?

गाइडला ते लागलं. म्हणाला, मॅडम झोपडी नाही, भुंगा. कच्छमध्ये आजही बांधतात. 2001 च्या 26 जानेवारीला भूकंप झाला, भचाऊ सगळं आडवं झालं, तेव्हा आमचं नवं स्लॅबचं घर पडलं आणि बाजूचा आजोबांचा भुंगा उभा होता, आम्ही सगळे दोन महिने त्यात राहिलो. गोल भिंतीला कोपरा नाही, हलते पण फाटत नाही. धोळावीरातच तिसऱ्या टप्प्यात भूकंपाने झालेलं नुकसान दिसतं असं खोदणाऱ्यांनी लिहिलंय, म्हणजे इथल्या लोकांना धरणी हलते हे माहीत होतं.

हे ऐकल्यावर माझी जरा गोची झाली. कारण "ऱ्हास" हा शब्द मी इतकी वर्षं वापरतोय तो कुणाच्या बाजूने? गटारं, हौद, सरळ रस्ते, वजनं मापं, शिक्के हे गेलं की आपण म्हणतो ऱ्हास. पण ज्याने हौदाचा गाळ उपसायचं सोडून शेळ्या घेतल्या आणि गोल घर बांधलं त्याच्या दृष्टीने ते काय होतं?

रात्री बाजरीचा रोटला, रिंगणाचं भरीत, गूळ, ताक. जेवणं झाल्यावर बाहेर खाटेवर बसून परत तीन मार्कांचा प्रश्न काढला. टोळ्यांचं आक्रमण तर बादच करायला पाहिजे. मॉर्टिमर व्हीलर साहेबांनी चाळीसच्या दशकात मोहेंजोदडोमधल्या सांगाड्यांवरून लिहिलं की आर्यांनी कत्तल केली, इंद्र आरोपी आहे. सांगाडे सगळे मिळून चाळीसच्या आत. 1964 मध्ये जॉर्ज डेल्स यांनी दाखवलं की ते एका वेळचे, एका थरातले नाहीतच, मग कत्तल कुठली. पण पोरं अजून पाठ करतायत.

व्यापार घटला हे मात्र खरं असावं, पण तो का घटला? गिऱ्हाईकच बुडालं होतं. मेसोपोटेमियावाले ज्या मेलुहाकडून मणी, लाकूड, हस्तिदंत घ्यायचे तो आपलाच भाग असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्यांचं अक्कडचं साम्राज्य साधारण इ.स.पू. 2200-2150 च्या दरम्यान कोसळलं. इजिप्तमध्ये पिरॅमिडवाल्या राजांची सत्ता थोडी पुढेमागे त्याच सुमाराला खिळखिळी झाली, तिथल्या अंख्तिफी नावाच्या एका अधिकाऱ्याच्या थडग्यात तर भुकेची वर्णनं कोरलीत. म्हणजे तीन वेगळ्या नद्या, तीन वेगळे राजे (आपल्याकडे तर राजा होता की नाही तेच नक्की नाही), आणि दिवस फिरले ते जवळपास बरोबरच. आपल्या मेघालयातल्या मॉमलूह गुहेत छतातून ठिबकून वाढलेले चुनखडीचे खांब आहेत, त्यांच्या थरांत पावसाची नोंद राहते, त्यावरून 4200 वर्षांपूर्वी मान्सून बराच काळ कमजोर पडल्याचं दिसतं. 2018 मध्ये भूशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तिथपासून आजपर्यंतच्या काळाला नावच दिलं, मेघालयन. मुलगा म्हणाला, म्हणजे आपण आत्ता मेघालयनमध्ये आहोत? हो बाबा, तुझी नववी पण.

मेसोपोटेमियाच्या दक्षिणेत अजून एक लफडं होतं असं काही अभ्यासक म्हणतात. पाटाचं पाणी देऊन देऊन जमिनीतलं मीठ वर आलं आणि गहू सोडून जव पेरायला लागले, कारण जवाला मीठ जरा जास्त सोसतं. हे अण्णांना समजावून सांगायला लागलो तर म्हणाले, सांगतो काय, चोपण. प्रवरेच्या पाटाखाली ऊस लावून लावून जमिनी चोपण झाल्या, पांढऱ्या फटफटीत, मामाची तीन एकर तशीच गेली. त्याला मेसोपोटेमियाला कशाला जायला पाहिजे.

दिवस चौथा : रोड टू हेवन, भुज

रील झाले. 32 रील झाले. रस्ता खरंच भारी आहे, दोन्ही बाजूला पाणी आणि मीठ, क्षितिज कुठे सुरू होतं तेच कळत नाही, लांब फ्लेमिंगोंची गुलाबी रेघ. पण मला सारखं वाटत होतं की इथे तेव्हा काय असेल. आयआयटी खरगपूरच्या गटाने (बरोबर आपलं डेक्कन कॉलेज पण होतं) धोळावीरात सापडलेल्या शंखांवर अभ्यास केला, ते शंख खारफुटीत राहणाऱ्या गोगलगायींचे. म्हणजे आज जिथे वाळकं मीठ आहे तिथे तिवरांची झाडी असणार आणि कुठून तरी गोडं पाणी येत असणार. ते पाणी हिमालयातल्या बर्फाच्या नदीचं की नुसत्या पावसाचं, यावर अभ्यासकांत अजून जोरदार वाद आहे, घग्गर हाक्रा नदी म्हणजेच सरस्वती का हा विषय निघाला की तर काय विचारायलाच नको. त्यात मी पडत नाही. पाणी आधी होतं आणि मग कमी झालं एवढ्यावर सगळ्यांचं एकमत आहे, मला तेवढं पुरे.

खावडाला मावा (दुधाचा, मिठाईतला) खाल्ला. भुजला संध्याकाळ बायकोच्या खरेदीत.

दिवस पाचवा : लखपत

हे माझ्या यादीत नव्हतं, ड्रायव्हरभाई म्हणाले एवढं आलाय तर लखपत बघाच. भुजपासून 135 एक किमी, शेवटचा तास रस्त्याला माणूस नाही. आणि मग एकदम सात किमी लांबीचा तट, आत गाव जवळपास रिकामं. एक गुरुद्वारा (गुरू नानक इथे थांबले होते म्हणतात), एक दर्गा, काही घरं, बाकी काटेरी झुडपं. तटावर चढलो, बीएसएफचा जवान दुर्बीण घेऊन बसलेला, समोर नजर जाईल तिथपर्यंत राखाडी चिखल.

तर या चिखलातून सिंधूचा एक फाटा वाहायचा. बंदर होतं, रोजची लाख कोऱ्यांची (कोरी म्हणजे कच्छचं जुनं नाणं) उलाढाल म्हणून नाव लखपत. आसपास भात पिकायचा, कच्छमध्ये भात! आधी 1762 च्या झाराच्या लढाईनंतर सिंधच्या गुलाम शाह कल्होराने वरच्या अंगाला बांध घालून पाणी तोडलं. उरलीसुरली कसर 16 जून 1819 च्या भूकंपाने काढली. रणात मधोमध जमीन उचलली गेली, 80 किमीच्या वर लांब बांध आपोआप तयार झाला, सिंद्रीचा किल्ला पाण्याखाली गेला. लोक त्या बांधाला अल्लाह बंद म्हणायला लागले, म्हणजे माणसाने नाही, अल्लाने घातलेला.

हे सगळं लिहून ठेवलेलं आहे, इंग्रज साहेबांचे रिपोर्ट आहेत. धोळावीराचं, लोथलचं असं काही नाही, तिथे अक्षरंच वाचता येत नाहीत. म्हणून मला लखपत जास्त उपयोगी वाटलं. नदी जाते म्हणजे नक्की काय होतं ते इथे दिसतं. एका रात्रीत गाव मेलं नाही. आधी भात गेला. मग गलबतं मांडवीला जायला लागली. मग शेठ लोक मांडवीला गेले, मग शेठकडे काम करणारे, मग सोनार, शिंपी. तट तसाच राहिला. मुलाने विचारलं, सगळे मेले का? गुरुद्वारातल्या सेवादारांनी प्रसाद देता देता सांगितलं, मरायचे कशाला, मुंबईला गेले.

दिवस सहावा : परतीची ट्रेन

भुजहून पुण्याची गाडी, लांबलचक प्रवास, ठेपले. अण्णा खिडकीपाशी. आणंदच्या आसपास कधीतरी त्यांनी स्वतःहून बहात्तरच्या दुष्काळाचा विषय काढला, जो ते सहसा काढत नाहीत. 17 वर्षांचे होते, खडी फोडायच्या कामावर, लाल मिलोची भाकरी आणि सुकडी. थोरले काका त्या साली भोसरीला आले, म्हणाले पाऊस पडला की येतो. पाऊस त्र्याहत्तरला पडला. काका आले नाहीत, त्यांना कंपनीत लागलं होतं. त्यांच्यामागे गावातली अजून सहा पोरं गेली. अण्णा म्हणाले, आमच्या गावाला कुणी पतन झालं म्हणलं न्हाई. जत्रा होते अजून.

मी आधी सांगितलं नाही, पण हडप्पावाल्यांचं पण तसंच दिसतं. इ.स.पू. 1900 नंतर मोठी शहरं रिकामी होत गेली आणि त्याच काळात सौराष्ट्रात, हरियाणात, पूर्वेला गंगा यमुनेच्या बाजूला लहान लहान गावं वाढत गेली. सौराष्ट्रात भादर नदीकाठचं रोजडी तर शहरं ओस पडायच्या काळात उलट वाढलं. तिकडे पावसाळ्यात येणारी भरडधान्यं, कमी पाण्यात निघणारी. म्हणजे शहर मोडलं आणि भाकरी वाचली, असा तो हिशोब. शिक्के अन लिपी मात्र गेली ती गेलीच, कारण गावातल्या माणसाला शिक्का मारायला गोणी कुठे होती.

दिवस सातवा, म्हणजे पंधरा दिवसांनी : इनामगाव

शिरूरला गेलो होतो, रविवार होता. इनामगाव आमच्याच तालुक्यात, घोडच्या काठी. आयुष्यात त्या रस्त्याने इतक्या वेळा गेलोय, एकदाही उतरलो नव्हतो आणि धोळावीराला हजार किमी गेलो. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 इथे खोदलं, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी. आता बघायला तसं काहीच नाही, खड्डे बुजवलेत, टेकाड आणि भोवती ऊस.

पण इथे खाली काय सापडलं ते ऐका. इ.स.पू. 1400 ते 1000 जोर्वे संस्कृतीची, म्हणजे महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाण काळातल्या शेतकऱ्यांची, भरभराट, ऐसपैस चौकोनी घरं, नदीवरून काढलेला पाट, जव गहू. मग 1000 नंतर चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या. शेती कमी, शिकार आणि गुरं जास्त. 700 च्या सुमाराला सोडून गेले. ढवळीकरांचं म्हणणं, पाऊस कमी झाला. नंतर वेगळी मतं पण आली असतील पण मला धोळावीराचा तो गाइड आठवला, मॅडम झोपडी नाही.

मुलाला बांधावर खापर सापडलं, लाल, वर काळी रेघ. अण्णांनी नखाने टिचकी मारली, धातूसारखा आवाज आला. जोर्वेची खापरं अशीच वाजतात, भट्टी चांगली असायची. खिशात घालत होता, अण्णांनी परत ठेवायला लावलं.

टेकाडाच्या खाली फडात ऊसतोड चालू होती आणि बाजूला कोप्या. दहा बारा, बांबूच्या कामट्या वाकवून वर पाचट आणि ताडपत्री, गोलसर. एक म्हातारी चुलीपाशी होती, तिने अण्णांना बसा म्हटलं, चहा दिला. अण्णांनी विचारलं, गाव कुठलं? शिरूर. अण्णा म्हणाले, आं? शिरूर तर आमचं. ती हसली, तुमचं न्हाई ओ, शिरूर कासार, बीडचं. दोघांचं मग पाऊस, बैल आणि पोरांची शाळा यावर अर्धा तास चाललं.

त्यांच्यातली एक जोडी त्याच सकाळी दुसऱ्या फडावर हलली होती. कोपीच्या जागी जमिनीवर गोल सारवलेलं, कडेने काठ्यांची भोकं, बाहेरून पाण्यासाठी खणलेला वीतभर चर आणि मध्ये काळे पडलेले तीन दगड. चिरंजीवांनी त्याचा फोटो काढला आणि फॅमिली ग्रुपवर काही न लिहिता टाकला. मावशीचा लगेच रिप्लाय, वा, हे धोळावीराचं का रे?